टू-इन-वन काका

भिवंडीच्या निजामपुऱ्यात 'मशीन' म्हटलं की माणसं मागच धरून चालतात. भिंतीपलीकडे दिवसरात्र खटाक-खट, खटाक-खट सुरू असतं आणि ज्याच्या घरी माग नाही त्याच्याही फडताळातल्या बश्या त्याच तालावर वाजतात. अशा वस्तीत एखाद्याला मशीनवरून ओळखावं आणि ते मशीन माग नसावं, हे सोपं नाही. आमच्या गल्लीतल्या काकांना ते जमलंय. त्यांना सगळे टू-इन-वन काका म्हणतात. तोंडावर अर्थातच नुसतं काका.

मूळचा टू-इन-वन म्हणजे एकाच डब्यात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर. आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या हातात तो हमखास दिसायचा, त्या काळात काकांना ही दीक्षा मिळाली. तेव्हापासून एकच काम करणारी वस्तू त्यांना उधळपट्टी वाटते. घरात सोफा-कम-बेड आहे. त्यावर बसलं की आडवं व्हावंसं वाटतं आणि आडवं झालं की उठून बसावं लागतं. टॉर्चमध्ये रेडिओ आहे. छत्रीची काठी होते, आणि ती कधी व्हायची हे छत्रीच ठरवते. काकू म्हणतात, "आमचं लग्नसुद्धा धाकट्या दिराबरोबर एकाच मांडवात लावलं. खर्च एक, नवरदेव दोन." यावर काकांचं उत्तर ठरलेलं : "अगं, आपल्या महानगरपालिकेचंच नाव बघ. भिवंडी निजामपूर! सरकारसुद्धा एका पाटीत दोन गावं बसवतं."

तर २००५ साली शेजारच्या चाचांचे जावई दुबईहून एक पेटी घेऊन आले. डाव्या अंगाला व्हिडिओ कॅसेटचं तोंड, उजव्या अंगाला डीव्हीडीचा ट्रे. रूप बेताचं, प्लॅस्टिक हलकं, किंमतही हलकी. परत जाताना सामानाचं वजन जास्त भरलं म्हणून त्यांनी ती काकांना पडत्या भावात दिली. गल्लीतली शहाणी माणसं तेव्हा जुने व्हीसीआर भंगारात घालत होती आणि काका नवा घेऊन आले. "कॅसेट संपली रे आता," असं मीही म्हणालो होतो. काका शांतपणे म्हणाले, "म्हणून तर डीव्हीडी आहे. आणि डीव्हीडी संपली, तर कॅसेट आहे."

खोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की एक बटण दाबलं की कॉपी होते. काकांनी ही बातमी गल्लीभर केली. कपाटात लग्नाची कॅसेट नाही असं घर नव्हतं. कुणी हळदीची आणली, कुणी बारशाची. पंधरा दिवसांनी चाचांच्या नातवाने माहितीपुस्तक वाचून खुलासा केला की कॉपी होते ती डीव्हीडीवरून कॅसेटवर. उलटी नाही. डीव्हीडी नुसती वाजते, तिच्यावर काही उतरवता येत नाही. म्हणजे स्लॅबच्या घरावरून कुडाचं घर बांधायची सोय होती. दुसरा कुणी खचला असता. काका म्हणाले, "कॉपी कशाला पाहिजे? बघायचं असेल तेव्हा इथे या."

आणि लोक यायला लागले. काकांची खरी कारकीर्द इथून सुरू होते.

शनिवारी रात्री बैठक. काका पैसे घेत नाहीत, फक्त ज्याची कॅसेट त्याने नाश्ता आणायचा. काका आधी स्टॅबिलायझर लावतात, तो 'कट्' म्हणेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग काकूंनी विणलेलं कव्हर काढून घडी घालतात. दिवसातून एकदा तरी लाइट जायची, त्यामुळे मशीनच्या घड्याळाचे कायम बारा वाजलेले. ते काकांनी कधी लावलं नाही. मग कॅसेट आत सारतात. ती गिळताना मशीन जो घरघराट करतं, तो ऐकताना काकांचा चेहरा पाहुण्याने पहिला घास घेतल्यावर यजमानाचा होतो तसा होतो. पडद्यावर मुंग्या आल्या की रिमोट हातात घेऊन ट्रॅकिंग. सूर लावणाऱ्या गवयासारखे डोळे मिटून दोन बटणं खालीवर, खालीवर, आणि मुंग्यांमधून हळूहळू कुणाची तरी मुंडावळी वर येते. "आली!" म्हणतात. ती मुंडावळी आता आजोबा झालेल्या माणसाची असते.

काका सायझिंगमध्ये, म्हणजे मागाच्या सुताला खळ लावतात तिथे, मेहताजी होते, त्यामुळे मशीनचा हिशेबही मागाच्या भाषेत. "आपला माग मिनिटाला दीडशे ठोके देतो. याच्या पोटातलं डोकं मिनिटाला पंधराशे गिरक्या घेतं! अर्धा इंच रुंदीची टेप, तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरच्या वर. म्हणजे दोन-अडीच ताके भरतात." मशीनने टेप चावली की इतर लोक हळहळतात, काका खुलतात. कॅसेटच्या बगलेतलं बटण दाबून झाकण उचलायचं, खालच्या भोकात काडी घालून चाकांचा अटकाव सोडवायचा आणि बोटाने फिरवत टेप आत घ्यायची. बिमाचा तुटलेला तार जोडावा तशी निगुतीने. पावसाळ्यात टेपेवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट आली की ते तिला दारातच अडवतात. "आधी उन्हात कापडाखाली दोन दिवस ठेव. एकीची बुरशी डोक्याला लागली की सगळ्यांना लागते." डॉक्टरसुद्धा इतकं बजावत नाहीत.

डीव्हीडीची बाजू चार वर्षांत गेली. मागाच्या हादऱ्याने तबकडी अडखळायची, मग ट्रे अडकला, मग तोही थांबला. काका मानत नाहीत. "ती बंद नाही, विश्रांती घेतेय. शिकलेली आहे, नाजूक असते. कॅसेटचं तसं नाही. अडाणी, पण राबणारी."

तीन तासांच्या कॅसेटचे पैसे घेतले म्हणून त्या काळचा शूटिंगवाला तीन तास भरायचाच. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, मागे फिरणारी फुलं, आणि मग पंगत. शूटिंगवाल्याच्या पोराने फोकस तोंडावर धरला की जिलबी अर्धी तोंडात, अर्धी बाहेर, आणि माणूस फोटो समजून हलायचा थांबलेला. चाचांच्या घरच्या निकाहाच्या कॅसेटा वेगळ्या. रजा न मिळालेल्या मुलाला आखातात पाठवायला म्हणून काढलेल्या, त्यामुळे प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे बघून बोलतो. त्यात चाचांची अम्मी आहे. ती मुलाला विचारते, जेवतोस ना वेळेवर? ती जाऊन किती वर्षं झाली. तो प्रसंग आला की चाचा दर वेळी हळूच 'हो' म्हणतात आणि काका उगाचच ट्रॅकिंगची बटणं दाबत बसतात, चित्र स्वच्छ असलं तरी.

इतक्या वेळा बघून काकांना गल्लीतली सगळी लग्नं पाठ झाली आहेत. कुणाचा कोट उसना होता, रुसून कोपऱ्यात बसलेला मामा कुठल्या मिनिटाला हसतो, आहेरात पातेली किती आली. भांडण झालं की लोक काकांना साक्षीला बोलावतात. एकदा तर एका बाईंनी नणंदेला चार जणांत ऐकवलं, "मी नेसलेली साडी माझ्याच माहेरची होती, काकांकडे चल, एक तास वीस मिनिटांवर आहे!"

पण आमच्या निजामपुऱ्याची गाजलेली कॅसेट एकच. कॅसेटच्या पाठीवरची छोटी पट्टी मोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा येतं. हे ज्ञान आमच्या एका मित्राला होतं. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर श्रीलंका, घरात कोरी कॅसेट नाही. त्याने हाताला लागलेल्या कॅसेटला चिकटपट्टी लावली. पुढे दहा वर्षांनी लग्नाच्या वाढदिवसाला तो बायकोला घेऊन काकांकडे आला, सोबत पाव किलो ढोकळा. मंगलाष्टकं झाली, पंगत झाली, पाठवणी आली. वहिनी आईच्या गळ्यात पडून रडताहेत, गाडीचं दार उघडतंय, पडद्यावर एक आडवी रेघ, आणि त्याच क्षणी विनोद कांबळी रडत मैदानातून बाहेर येतो. खोलीत सगळे गप्प. वहिनी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "माझ्यासाठी दुसरं कुणी रडलं नव्हतं, हा तरी रडला." नवऱ्याने त्या रात्री ढोकळ्याला हात लावला नाही.

२०१६ च्या जुलैत बातमी आली की जपानची फुनाई कंपनी व्हीसीआर बनवणं थांबवतेय. सुटे भाग मिळेनात, गिऱ्हाईकही उरलं नाही. हे बनवणारी ती जगातली शेवटची. काकांनी ते कात्रण मशीनखाली ठेवलं आणि त्या वर्षीच्या खंडेनवमीला, गल्लीत मागांना झेंडूचे हार पडत असताना, आपल्या पेटीला कुंकू लावून डीव्हीडीच्या ट्रेवर फूल वाहिलं. त्या दिवसापासून काकांच्या चालण्यात फरक पडला. आधी ते कॅसेट मागून घ्यायचे, आता 'बघू, वेळ काढतो' म्हणतात. सोफा-कम-बेडच्या पोटात लोकांनी सांभाळायला दिलेल्या कॅसेटा आहेत, तांदळाच्या जुन्या डब्यांत, कापराच्या वड्यांसकट. अख्ख्या गल्लीची लग्नं पाठीखाली घेऊन काका रोज दुपारी झोपतात. काकू म्हणतात, एवढे वऱ्हाडी सांभाळून यांना झोप लागते कशी.

मागच्या उन्हाळ्यात माझा मुलगा बरोबर आला होता. त्याचं लक्ष चित्रात नव्हतंच. पेटीमागे वाकून तो म्हणाला, "बाबा, इथे पिवळं, पांढरं, लाल भोक आहे. यात वायर घालून कंप्युटरला जोडली तर सगळ्या कॅसेटा आत घेता येतील. छोटं यंत्र मिळतं त्याचं. मग आपल्याला घरीच बघता येईल."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी काकांकडे पाहिलं. ते रिमोटच्या पाठीचं झाकण काढून सेल उलटेसुलटे करत होते.

"ती भोकं हवेसाठी आहेत," ते म्हणाले. "मशीन तापतं."

महिनाभराने मी आमच्या लग्नाची कॅसेट बघायला गेलो. पेटी कव्हराविना होती, म्हणून सहज मागे नजर टाकली. तिन्ही भोकांवर काळी चिकटपट्टी, वरून आणखी एक आडवी.

"काका, हवेची भोकं बुजवलीत?"

"पावसाळा ना रे. दमट हवा आत जाते." त्यांनी कॅसेट माझ्या हातून घेतली, फुंकर मारली, उजेडात धरून बुरशी तपासली. "बस. आणि ती पिशवी काकूकडे दे. बटाटेवडेच आहेत ना?"