ओळखलं का?

दाजींची भूक पोटावर नसते, गावावर असते. पुण्याहून जुन्या हायवेने निघालं की देहूरोडपर्यंत तिचा पत्ता नसतो. वडगाव मावळला ती चुळबुळते, कामशेतला जागी होते, आणि वळवणची वस्ती दिसली की दाजी सीटवर पुढे सरकून बसतात. तोवर गाडीत कुणाला काही खाऊ देत नाहीत. "आत्ता बिस्किटं नकोत. जीभ बिघडते." जीभ नव्हे, लावून ठेवलेला तंबोराच जणू.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. पण ते एकटे नव्हेत, तो एक पंथ आहे. 'खरं दुकान' हा त्यांचा देव, आणि तो मुख्य रस्त्यावर कधीच नसतो. या पंथातल्या माणसासमोर आपण चुकून म्हणतो, की परवा लोणावळ्याला जाऊन आलो. तो डोळे बारीक करतो. "वडा कुठे खाल्लास?" आपण सांगतो. मग जरा वेळ शांतता. "हां... म्हणजे पुढचं दुकान. खरं मागच्या गल्लीत आहे." पुढच्या खेपेला आपण मागच्या गल्लीत जाऊन येतो. "तो धाकटा. जुना कारागीर थोरल्याकडे गेला." थोरल्याला गाठलं तर, "कोणत्या वारी गेला होतास?" वारही बरोबर निघाला तर शेवटचं अस्त्र बाहेर येतं : "आता तुम्हाला आवडणारच रे. आम्ही तेव्हाचा खाल्लाय."

लोणावळा हे या पंथाचं काशीक्षेत्र. जिथे चिक्कीच्या पाट्यांवर मगनलाल हे नाव इतक्या वेळा वाचायला मिळतं, तिथे 'त्यातलं मूळचं कोणतं' या प्रश्नावर माणूस आयुष्य काढू शकतो. दाजींनी बरंच काढलंय. चिक्की कुठली, फज फक्त कूपरचंच का, कणीस भुशी धरणावर का घ्यायचं नाही, सगळं पाठ. इतकं, की तीस-पस्तीस वेळा लोणावळ्याला जाऊनही त्यांनी कार्ल्याची लेणी अजून पाहिलेली नाहीत. पायऱ्या चढून वर जाईस्तोवर घाणा थंड होतो.

याचं मूळ रेल्वेत आहे. दाजींनी बावीस वर्षं पुणे-मुंबई पासवर काढली, डेक्कन क्वीनने. १९३० साली सुरू झालेली ही गाडी त्यांच्या लेखी जेवणाचा डबा जोडलेली गाडी नाही, तर गाडी जोडलेला जेवणाचा डबा आहे. तिथल्या चीज टोस्टबद्दल बोलताना त्यांचा आवाज घोगरा होतो. आणि कर्जत! पुण्याकडे येताना घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, कारण पुढे दर ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. ती लागेपर्यंत गाडी थांबते, आणि त्या थांब्यावर दिवाडकरांचा वडा उभा राहिला. "इंजिन गाडीला, वडा माणसाला," असं दाजी म्हणतात. "त्याशिवाय दोघांनाही घाट चढत नाही."

म्हणून एक्स्प्रेसवेवर त्यांचा राग. २००२ पासून सगळा रस्ता खुला झाला, आणि लोक लोणावळ्याच्या वरून लोणावळ्याला न शिवता जायला लागले. फूड मॉलमध्ये गाडी थांबते, आधी पावती, मग ट्रे, मग नंबर पुकारतात. "वडा खायला गेलोय की रेशन आणायला?" टोल देण्याबद्दल त्यांची तक्रार नाही. तो देऊन भूक चुकीच्या ठिकाणी लागते, ही तक्रार आहे.

तर जुलैतल्या एका रविवारी दाजींनी आम्हाला नेलं. रविवार आणि जुलै हे दोन शब्द एकत्र आले की लोणावळ्याचा रस्ता रस्ता राहत नाही, वाहनतळ होतो. सहाला निघायचं ठरलं होतं. आठला निघालो. कार्ला फाट्याच्या पुढे गाड्या एकीला एक चिकटलेल्या, बाहेर पाऊस, आणि गाडीत मागच्या सीटवर ताईने मांडीवर एक स्टीलचा डबा धरलेला. डब्यात काय आहे, हे आम्हाला कळलं होतं. दाजींना कळू द्यायचं नव्हतं. काकडी, बटाटा, हिरवी चटणी, अमूल बटर. कडा न कापलेली सँडविचेस. डब्याचं झाकण ताई अशा खुबीने उघडायची, की आवाज वायपरच्या फेरीत मिसळून जावा. गाव येईपर्यंत मागची सीट जेवून मोकळी झाली होती.

दुकानाचं नाव सांगत नाही. दाजींची शपथ आहे, शिवाय सांगितलं तर ते म्हणतील, ते नव्हेच. गल्ली अरुंद, वर निळी ताडपत्री, तिच्या पोटात साठलेलं पाणी एक पोरगा काठीने मधूनमधून ढकलून देत होता, ते नेमकं रांगेतल्या दहाव्या माणसावर पडे. आम्ही अकरावे होतो. एक माणूस घेऊन गेला आणि आम्ही दहावे झालो.

दाजी तोवर पाटी वाचत होते. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. शेवटून तिसरी ओळ : चीज ग्रिल सँडविच.

"वड्याच्या दुकानात सँडविच आलं की समजायचं," ते हळूच म्हणाले, "गल्ल्यावर पुढची पिढी बसली."

"पण बाबा, वडापाव म्हणजे सँडविचच ना?" माझी भाची म्हणाली. ती कॉलेजात इतिहास शिकते, त्याचा त्रास घरात सर्वांना होतो. "पाव पोर्तुगीजांचा. बटाटा त्यांनीच आणला. मिरचीसुद्धा. मग यात अस्सल आपलं काय?"

दाजींनी थोडा विचार केला. "बेसन," म्हणाले. आणि मग, पाठीवरचं पाणी झटकत, "आणि रांग."

आमचा नंबर आला तेव्हा परातीत एकच वडा होता, तोही फुटका. "पुढचा घाणा वीस मिनिटं," गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला. दुसरं कुणी चिडलं असतं. दाजी उजळले. माल संपणं ही त्यांच्या मते दुकानाची पदवी असते. ते गल्ल्यावर रेलले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते पुण्यापासून घोकत आले होते. "ओळखलं का?"

पोरग्याने मानही वर केली नाही. "ओळखलं ना! बरेच दिवसांनी?"

दाजींनी आमच्याकडे वळून पाहिलं. बघा, असं ते पाहणं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला. "काय शेठ, ओळखलं का?"

"ओळखलं ना! बरेच दिवसांनी?"

मागे एक गृहस्थ उभे होते. दाजींच्याच वयाचे, तशीच छत्री, तोच रेलण्याचा कोन. डोंबिवलीचे निघाले. वीस मिनिटं होतीच, सामना जुंपला. हे म्हणाले, मी इथे ८४ पासून. ते म्हणाले, आम्ही ८१. हे म्हणाले, मोठे शेठ स्वतः तळायचे. ते म्हणाले, मोठ्या शेठची आई वाटण करायची. दाजींनी कर्जतचा वडा काढला, डोंबिवलीकरांनी दादर स्टेशनबाहेरच्या अशोक वैद्यांची ६६ सालची गाडी काढली; सगळीकडे तेच सांगतात, पण हे गृहस्थ अशा थाटात सांगत होते की पहिला वडापाव यांनीच सुटे पैसे देऊन घेतला असावा. बाराव्या मिनिटाला बरोबरी झाली. पंधराव्या मिनिटाला गळ्यात गळा.

घाणा आला. दाजींचं वडा खाणं पाहण्यासारखं असतं. ते पाव आधी कानाजवळ नेऊन दाबतात. ताजा असेल तर तो उसासा टाकतो म्हणे. मग आत आधी लसणाची कोरडी चटणी, तीही फक्त खालच्या बाजूला, वर वडा, तळव्याने एकच दाब. मिरचीचा देठ डाव्या हातात. पोरग्याकडून कागदावर चुरा मागून घेणं, फुकट. पहिला घास तोंडात फिरवला, ताडपत्रीकडे पाहिलं. शेजारी डोंबिवलीकरही ताडपत्रीकडेच पाहत होते.

"तेव्हाची चव नाही राहिली," दोघं एकदमच म्हणाले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर इतकं समाधान मी लग्नाच्या पंगतीत पाहिलेलं नाही. वडा खरं तर फक्कड होता. मी तीन खाल्ले.

निघताना डोंबिवलीकरांनी दाजींना बाजूला घेतलं, कानात काहीतरी सांगितलं. परतीच्या वाटेवर दाजी गप्प होते. कामशेत आलं आणि गाडीचा वेग कमी झाला. टिक-टिक, इंडिकेटर लागला.

"पवनानगरच्या रस्त्याला आत एक आहे म्हणे," दाजी समोर पाहत म्हणाले. "जुना कारागीर तिथे—"

"सरळ," ताई म्हणाली.

इंडिकेटर बंद झाला. पुढची पाच-सात मिनिटं कुणी बोललं नाही. मग दाजींचा हात पाठीमागे आला, पंजा पसरलेला. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं तर. ताईने डब्यातलं शेवटचं सँडविच त्यांच्या हातावर ठेवलं. एका हाताने स्टिअरिंग धरून दाजींनी घास घेतला, चावला, समोरच्या काचेवरच्या पावसाकडे पाहिलं.

"चटणीत पुदिना कमी केलास का गं?" ते म्हणाले. "तेव्हाची चव—"

ताईने डब्याचं झाकण लावलं, या वेळी वायपरची वाट न पाहता. सोमाटण्याच्या टोलनाक्यापर्यंत गाडीत दुसरा आवाज झाला नाही.