पासिंग सव्वा किलो

केंद्र सरकारचं सीमाशुल्क खातं आणि माझी बायको यांची कधी गाठ पडलेली नाही, तरी एका मुद्द्यावर दोघांचं पक्कं एकमत आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत ९५०३ हा आकडा खेळण्यांचा. बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी वगैरे सगळं त्यात येतं आणि मापात लहान केलेल्या प्रतिकृतींनाही त्याच रांगेत बसवलंय. म्हणजे मी इटलीहून मागवलेला, शेकडो सुट्या भागांचा, एकास चोवीस प्रमाणातला ट्रक सरकारदरबारी बाहुलीचा चुलतभाऊ ठरतो. २०२० च्या अर्थसंकल्पात या भावंडांवरची ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. बायकोच्या मते, पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना आळा बसावा म्हणूनच हे केलेलं असणार. अर्थमंत्री बाई आहेत, त्यांना घरचं कळतं.

तिचा दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. मी मार्केट यार्डाजवळ एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या फाडतो. सकाळपासून समोर ट्रकच. कांद्याचे, टॉवेलच्या गाठींचे, सिमेंटचे. "दिवसभर ट्रक कमी पडतात का, म्हणून रात्रीही तेच घेऊन बसता?" यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण मी ते देत नाही. ऑफिसातला ट्रक सांगितल्या वेळी कधी येत नाही. घरातला निदान टेबलावरून कुठं जात नाही.

या छंदात एअरफिक्स हे नाव आलं तेच मजुरी वाचवण्याच्या भानगडीतून. १९४९ साली इंग्लंडात फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांनी आपल्या विक्रेत्यांच्या हाती द्यायला म्हणून एअरफिक्स कंपनीकडून छोटे प्लॅस्टिकचे ट्रॅक्टर करून घेतले. एअरफिक्स तोवर रबरी खेळणी आणि कंगवे बनवायची. ट्रॅक्टर जोडायला माणसं लावणं परवडेना, तेव्हा त्यांनी सुटे भागच वूलवर्थच्या दुकानांतून विकायला काढले. जोडायची मजुरी गिऱ्हाइकावर ढकलली आणि गिऱ्हाईक खूश! आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांमागं मजुरी मिळते आणि ती वाढावी म्हणून मोर्चे निघतात. इथं सगळे भाग कापा, घासा, चिकटवा, रंगवा आणि वर पैसेही आपणच द्या, तरी अजून एकही मोर्चा निघालेला नाही. विडी कारखानदारांच्या नजरेस ही गोष्ट पडू नये एवढीच प्रार्थना.

सुरुवात मी अमेरिकन मालानं केली. पीटरबिल्ट ३५९. लांबलचक नाक, केबिनीच्या दोन्ही अंगांनी वर गेलेली चकचकीत सायलेन्सरची नळकांडी, मागं ड्रायव्हरला झोपायची खोली. पुरा झाल्यावर कौतुकानं ऑफिसात नेला. आमच्या एका जुन्या ड्रायव्हरनं त्याला सगळीकडून नीट पाहिलं आणि म्हणाला, "एवढं नाक? कुंभार्ली घाटात वळवायला घेतली की तोंड चिपळुणात आणि बूड पाटणात राहायचं." मग त्याची नजर आत गेली. "स्टेअरिंग डावीकडं? ओव्हरटेक मारताना पुढचं बघणार कोण, क्लीनर?" शेवटी खरी तक्रार बाहेर आली. "लिंबू-मिरची कुठाय?"

तेव्हाच ठरवलं, करायचा तर आपला ट्रक. टाटा १६१३, ज्याला रस्त्यावर सगळे सोळा-तेरा म्हणतात. सोळा म्हणजे एकूण सोळा टन, तेरा म्हणजे तेराला दहानं गुणून एकशेतीस घोडे. अर्धवट पुढं आलेलं नाक, दोन गोल दिवे, चेहऱ्यावर कायम आत्ताच कुणाशी तरी भांडून आल्याचा भाव. पण मी पाहिलेल्या एकाही परदेशी कॅटलॉगात हा चेहरा नाही. स्कानिया आहे, व्होल्वो आहे, मर्सिडीझ तर ढिगानं. वास्तविक १९५४ पासून १९६९ पर्यंत टेल्कोचे, म्हणजे टाटांचेच, ट्रक मर्सिडीझवाल्यांच्या सहकार्यानंच बनत होते आणि नाकावर त्यांचीच चांदणी मिरवत होते. तरी इटलीच्या लोकांना पुढच्या पिढीची काही खबर नाही.

मग लक्षात आलं की सोळा-तेराचं किट नसण्याचं कारण वेगळंच असावं. आपला ट्रक मुळातच किट आहे. कंपनी द्यायची ती चासी, इंजिन आणि पुढचा नुसता पत्र्याचा मुखवटा. केबिन नाही, हौदा नाही. ड्रायव्हर त्या उघड्या चासीवर फळी टाकून, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला फडकं बांधून शेकडो किलोमीटर यायचा. उरलेली गाडी मग गावात तयार व्हायची. सुतार केबिन करणार, लोहार बिजागऱ्या आणि साखळ्या, पेंटर फुलं आणि मोर, सीटवाला रेक्झिन, मालकाची बायको काळी बाहुली. दोन सोळा-तेरा एकसारखे नसतात, कारण या किटासोबत जोडणीचा कागद कधी आलाच नाही. ज्याच्या मनात जे आलं ते त्यानं बसवलं. तीनशे भागांना तीनशे आकडे देऊन ते क्रमानं चिकटवणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार झोंबलं. माझ्या छंदातले खरे कारागीर हैदराबाद रोडला बसून एकास एक प्रमाणात काम करत होते आणि वर मजुरीही घेत होते.

माप घ्यायला मी तिथल्याच एका बॉडी बिल्डरच्या आवारात गेलो. टेप लावून फाळक्याची उंची मोजली, वहीत लिहिली, मोबाइलवर नंबरप्लेटच्या बाजूचा फोटो घेतला. डोकं वर काढलं तर आवारात शुकशुकाट. चहा पिणारे गेले, वेल्डिंग थांबलं, कोपऱ्यातल्या एका गाडीवर कुणीतरी घाईघाईनं ताडपत्री ओढली. वही, टेप आणि फोटो एकत्र घेऊन येणारा माणूस सोलापुरात दोनच ठिकाणांहून येतो, आरटीओतून नाहीतर फायनान्सवाल्यांकडून. बऱ्याच वेळानं म्हातारे मिस्त्री पुढं आले. "काय मोजायलाव साहेब?"

मी सांगितलं, लहान ट्रक करतोय. चासी साधारण ४.२ मीटर व्हीलबेसची, चोवीसनं भागलं की साडेसतरा सेंटिमीटर. दहा-वीसचा टायर वरपासून खालपर्यंत चार सेंटिमीटरहून थोडा जास्त.

"कशासाठी?"

या प्रश्नावर बायकोनं कधी एवढा वेळ घेऊन विचार केला नव्हता. मिस्त्री खरंच विचारत होते. भाडं मारायचं? नाही. पोराला? पोरगा कॉलेजात आहे. देवाला बोललेलं? मिस्त्रींना हे शेवटचं पटण्यासारखं होतं, म्हणून मी मान हलवली आणि त्यांनी चहा मागवला.

पुढच्या खेपेला अर्धवट झालेला ट्रकच डब्यात घालून नेला. मिस्त्रींना सगळ्यात आवडला तो गोंद. हा गोंद म्हणजे फेविकॉल नव्हे. तो पाण्यासारखा पातळ असतो, प्लॅस्टिकच विरघळवतो आणि उडून गेला की दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. "म्हणजे वेल्डिंग की हे," मिस्त्री म्हणाले आणि माझ्याकडे प्रथमच धंद्यातला माणूस म्हणून पाहिलं. पण लगेच ट्रक उचलून डोळ्यापाशी धरला, खालून स्प्रिंगच्या पाट्यांकडं पाहिलं. "माल भरणार?" भरणार, कांदा. "मग पाटे रिकाम्या गाडीचे का? गाडी भरली की पाटे सपाट होतात, बूड बसतं. ही तर मागनं वर चढलीय." इटलीच्या किटमधून घेतलेले पाटे कमानीसकट एकाच साच्यातून आलेले, ते कशाला सपाट होतील? तरी मी ते कापून काढले, प्लॅस्टिकच्या पट्ट्या गरम पाण्यात वाकवून पाना-पानानं नवे रचले. मग मिस्त्रींनी पानं मोजली आणि विचारलं, "पासिंग किती?"

पासिंग म्हणजे गाडीला मंजूर असलेलं एकूण वजन. याचं उत्तर गणितात मिळतं. लांबी चोवीसपट कमी झाली की रुंदी आणि उंचीही तेवढीच होते, म्हणून वजन कमी होतं चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे १३,८२४ पट. सोळा टन दोनशे किलोला त्यानं भागा. "एक किलो एकशेसत्तर ग्रॅम," मी म्हणालो. मिस्त्रींनी ट्रक तळहातावर तोलला. "म्हणजे सव्वा किलो भरणार तुम्ही. सगळेच भरतात."

हिशेबानं पाहिलं तर सोलापुरात या छंदासाठी लागणारं सगळं घरात मिळतं. बाजारातला कांदा पाच-सहा सेंटिमीटरचा, त्याला चोवीसनं भागलं की येते टपोरी मोहरी. रंगही जवळपास तोच. लाल जाळीच्या गोण्या थोरल्या लेकीच्या नेटच्या ओढणीतून निघाल्या (तिला हे कळलं तेव्हा माल भरून झाला होता). उसाचा ट्रक करायचा असता तर खराट्याच्या काड्या तयारच होत्या. दोराला सूत आपल्या गावचंच, वीस नंबरचं, चार पदर पिळले की बरोबर ट्रकचा दोर होतो. चादर मात्र जमली नाही. ड्रायव्हरच्या सीटवर सोलापुरी चादर हवीच, पण खऱ्या चादरीच्या कापडातलं एक फूल अंथरलं की ड्रायव्हर, क्लीनर, गियरचा दांडा सगळेच त्याखाली गडप. शेवटी रुमालाच्या काठावर भागवलं.

हवामानाचं काय सांगावं? परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की रंग मारल्यावर चोवीस तास वाळू द्या. आमच्याकडे मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत एअरब्रशमधून निघालेला रंग ट्रकपर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि केबिनीवर रव्यासारखा बसतो. म्हणून पहाटे रंगवायचं. त्याच पहाटे नळाला पाणी आलेलं असतं, तेही कितीतरी दिवसांनी, आणि मी एका हातानं कॉम्प्रेसर बंद करत दुसऱ्या हातानं बादली लावतो. नंबरप्लेटची चित्रं पाण्यात भिजवून सरकवायची असतात, त्यालाही वाटीभर पाणी लागतं. ते पाणी मला पिण्याच्या हंड्यातून मिळणार नाही, असं घरात एकदा स्पष्ट सांगून झालंय. धुळीला मात्र कधी तोटा पडला नाही. युरोपातली माणसं खडू किसून ट्रकवर धूळ लावतात. मी खिडकी उघडतो.

अक्षरांसाठी पेंटर शोधला. रेडियमवाल्यांनी या लोकांचं निम्मं काम खाल्लंय, त्यामुळे त्याला वेळ होता. खऱ्या गाडीवरचं सहा इंची अक्षर माझ्याकडे सहा मिलिमीटर होतं. त्यानं ब्रशाचे केस जिभेवर ओढून सुईसारखे केले, डाव्या हाताच्या मुठीवर उजवं मनगट टेकवलं, तेलुगूत काहीतरी पुटपुटला आणि श्वास धरून एका दमात एमएच १३ उतरवलं. खाली पिवळी छायाही दिली, मी न सांगता. मागं 'हॉर्न ओके प्लीज' घालू का, म्हणाला. महाराष्ट्रात परिवहन खात्यानं २०१५ सालीच त्यावर बंदी आणलीय, असं मी म्हटलं. "गाडी जुनी आहे की," तो म्हणाला आणि लिहून मोकळा झाला. तसं पाहिलं तर १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिनही सक्तीची आहे. माझ्या केबिनीत रुमाल आहे.

मग त्यानं विचारलं, "कपाळावर नाव कुणाचं?"

हे मी घरी येऊन सांगितलं आणि त्या रात्री खेळण्याचं खेळणेपण संपलं. ट्रकच्या कपाळावर 'आईचा आशीर्वाद' घालतात, ते ठीक, पण कुणाची आई? माझ्या आईनं जपमाळ थांबवून सांगितलं की तिला काही हौस नाही, जे घालायचं ते घाला. म्हणजे तिचंच घालायचं. बायकोचं म्हणणं, आई ही मुलांच्या बाजूनं धरतात, तेव्हा आई म्हणजे ती. धाकट्याला फक्त मुलांची नावं हवी होती. त्याचं दोन अक्षरी मावतं, थोरलीचं पाच अक्षरी, शेवटचं अक्षर आरशावर जातं. थोरली म्हणाली, ओढणी माझी गेलीय, अक्षरं मी ठरवणार. सत्तर टक्के ड्यूटी लागलेल्या वस्तूवर एवढी मालकी सांगणारी माणसं सीमाशुल्क खात्यानंही कधी पाहिली नसतील. पेंटरनं शेवटी स्वतःच 'आईचा आशीर्वाद' लिहिलं आणि त्या रात्रीपासून घरात दोघीजणी ते आपापल्या परीनं वाचतात.

दसऱ्याला ऑफिसच्या आवारात गाड्या ओळीनं उभ्या असतात. झेंडूच्या माळा, बोनेटवर कुंकवाचे पट्टे, प्रत्येक चाकाखाली एक लिंबू. शेठजींनी यंदा माझाही ट्रक रांगेच्या टोकाला पाटावर ठेवायला लावला. पूजा झाली, नारळ फुटला, एकेक गाडी लिंबू चिरडत हातभर पुढं गेली. माझ्या ट्रकपाशी येऊन सगळे थांबले. लिंबू जवळपास चाकाएवढंच. तो जुना ड्रायव्हर खाली उकिडवा बसला, अंगठ्यानं मागून रेटा दिला, पण गाडी लिंबाला टेकून जागीच. सव्वा किलो माल घेऊन ती हा घाट चढणार नव्हती.

"चोवीसनं भागा," मी म्हणालो.

त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग हौद्यातली एक गोणी नखानं उसवून मोहरीचा एक दाणा काढला आणि नेमानं पुढच्या चाकाखाली ठेवला. "एका कांद्याचा तुटवडा दाखवा बिल्टीवर," असं म्हणत गाडी ढकलली. दाणा काही चिरडला नाही, टणकन उडून शेठजींच्या धोतरात गेला. "दुसरा घ्या," शेठजी म्हणाले, "पण भाड्यातून कापणार."