स्लॅब भरताना साइटवर कोण होतं?

"ड्रॉइंग बरोबर होतं. साइटवर काय झालं ते कंत्राटदाराला विचारा." इमारतीला तडे गेले, गच्ची गळायला लागली की आर्किटेक्टकडून हे उत्तर येतं. करार काढून बघितला तर ते खोटंही नसतं. ठरल्याप्रमाणे अधूनमधून साइटला भेट द्यायची, इतकंच त्याच्याशी ठरलेलं असतं. रोजच्या देखरेखीसाठी मालकाने आपल्या खर्चाने वेगळा माणूस नेमायचा असतो. तो नेमतं कोण? माझं भांडण या रिकाम्या खुर्चीशी आहे.

स्कॉटलंडमध्ये एडिंबराने ही खुर्ची रिकामी ठेवून बघितली. २९ जानेवारी २०१६ च्या पहाटे वादळात ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेची भिंत कोसळली. सुमारे नऊ टन विटा खाली आल्या. शाळा अजून भरायची होती म्हणून मुलं वाचली. मग बाकीच्या इमारती तपासल्या आणि शहरातल्या १७ शाळा बंद कराव्या लागल्या. जॉन कोल यांचा चौकशी अहवाल २०१७ मध्ये आला. पोकळ भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकमेकांशी बांधणाऱ्या धातूच्या पट्ट्या विटांच्या सांध्यात पुरेशा खोल गेलेल्याच नव्हत्या. दुसरा थर चढला की या पट्ट्या कुणालाही दिसत नाहीत. त्या बघायची वेळ गवंडी काम करत असतानाची, आणि त्या वेळी पालिकेच्या बाजूचा, कंत्राटदाराशी देणंघेणं नसलेला माणूस तिथे नव्हता. बांधणाऱ्यानेच आपलं काम तपासायचं आणि पास करायचं, अशी व्यवस्था होती.

आपल्याकडे विटेच्या जागी सळई ठेवा. स्लॅब भरला की आतलं स्टील कायमचं झाकलं जातं. रिंगा किती अंतरावर बांधल्या, कव्हर ब्लॉक लावले की खडीचे तुकडे सरकवले, हे नंतर कोण सांगणार? आयएस ४५६:२००० या संहितेनुसार किनारपट्टीच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटमध्ये सळईवर किमान ४५ मिलिमीटरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, हवं. ते कमी पडलं की खारी हवा सळईपर्यंत लवकर पोचते, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत असे खांब रोज दिसतात. ज्या दिवशी ते भरले त्या दिवशी टेप लावून बघायला पाच मिनिटं लागली असती.

"पण क्यूब पास झाले होते!" हे दुसरं उत्तर. क्यूब म्हणजे चाचणीसाठी त्याच काँक्रीटचा भरलेला ठोकळा; तो २८ दिवस टाकीत पाण्याखाली असतो. खांबाला किती दिवस पाणी मारलं? साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला किमान दहा, असं हीच संहिता सांगते. क्यूबचा रिपोर्ट ट्रकमधून आलेल्या काँक्रीटबद्दल बोलतो. ते ओतल्यावर खांबाचं काय झालं, ते त्यात येत नाही.

कागद मात्र भरपूर आहे. महारेराच्या फॉर्म १ मध्ये आर्किटेक्ट प्रमाणित करतो ते काम किती टक्के झालं हे, कारण त्यावर बिल्डरला प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढता येतात. काम कसं झालं, यासाठी अभियंत्याचा फॉर्म २-अ आहे. त्या अभियंत्याला पगार बहुतेक वेळा बिल्डरच देतो. पुनर्विकासात तर सोसायटीने नेमलेल्या पीएमसीची, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची, फीसुद्धा अनेकदा बिल्डरकडूनच येते, आणि सभासद खूश असतात, कारण खिशातून काही जात नाही. ज्याच्या कामाला नाही म्हणायचं त्याच्याकडूनच चेक घ्यायचा असेल, तर नाही कोण म्हणेल?

आणि "ड्रॉइंगपुरती जबाबदारी" ही ढाल आर्किटेक्टलाही वाचवत नाही. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन ही इमारत कोसळली तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. १६ माणसं गेली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो बिल्डरसोबत आर्किटेक्टवर आणि आरसीसी सल्लागारावरही. मग साइटवर जायचे पैसे फीमध्ये स्पष्ट धरून मागण्यात लाज कसली? ते मिळत नसतील तर सही करायची नाही.

रेराच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दिसलेला दोष बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे. चांगली तरतूद आहे, पण कमी कव्हरची सळई अनेकदा पाच वर्षांनंतरच फुगते. म्हणून पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत एकच ठराव करावा: पीएमसीची फी सोसायटीच्या खात्यातून जाईल, आणि त्याच्या माणसाने स्टील बघून लेखी परवानगी दिल्याशिवाय एकही स्लॅब भरला जाणार नाही. सभासदामागे काही हजार रुपये पडतील. मॉड्युलर किचनच्या बजेटमधून काढा.