फूल, पानं आणि आमची आत्या

परवा दुपारी ऐन डुलकीच्या वेळी बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि चेहऱ्यावर पोटापाण्याचं हसू असलेला एक मुलगा. "सर, सर्व्हे आहे. पाचच मिनिटं."

पहिला प्रश्न होता, "तुम्ही स्वतःला काय समजता?" हा प्रश्न आमच्या घरात रोज विचारला जातो. फक्त स्वर वेगळा असतो. इथे मात्र उत्तराला पाच पर्याय होते. फक्त भारतीय; भारतीय जास्त, मराठी कमी; दोन्ही सारखंच; मराठी जास्त, भारतीय कमी; फक्त मराठी. मिसळीच्या दुकानात तर्री किती घालू विचारतात, तसं. हा प्रश्न मूळचा आपला नव्हे. लुईस मोरेनो नावाच्या स्पॅनिश समाजशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या लोकांना तो विचारला आणि तेव्हापासून जगभरचे अभ्यासक माणसाची अस्मिता अशी चमच्याने मोजतायत. मी 'दोन्ही सारखंच' सांगितलं. ज्याला दुपारी वाद नको असतो त्याचं उत्तर हेच असतं.

तेवढ्यात त्या मुलाचं लक्ष आतल्या खुर्चीकडे गेलं. तिथे आमची आत्या बसली होती, डोळ्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचा काळा चष्मा लावून. वय ८१. माहेर मालवण, सासर गोव्यात फोंडा. "आजींचंही घेऊ का?" तो म्हणाला. मी नको म्हणायच्या आत आत्या म्हणाली, "हो कितें विचारता?"

त्याने प्रश्न वाचला. आत्याने ऐकून घेतला आणि म्हणाली, "बाळा, हे मला एकदा विचारून झालंय. सरकारने विचारलं होतं. तेव्हा पर्याय दोनच होते. फूल आणि दोन पानं."

त्या मुलाला काही कळलं नाही. त्याचा दोष नाही. महाराष्ट्राने हा प्रसंग मुलांना शिकवायचा असा मोठा आग्रह कधी धरलेला नाही, कारण त्यात महाराष्ट्राला नकार मिळाला होता. नाकारलेल्या स्थळाचा फोटो कोणी दिवाणखान्यात लावत नाही.

तर १६ जानेवारी १९६७. गोवा मुक्त होऊन पाच वर्षं झाली होती. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, असा सवाल जनमत कौलात होता. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. सत्तेवर होता महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे नावातच उत्तर. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणवादी. विधानसभेत बहुमत होतं, ठरावावर काम भागलंही असतं. पण विरोधी पक्षनेते जॅक सिक्वेरांनी हट्ट धरला की हे आमदारांचं काम नव्हे, लोकांना विचारा. निवडणूक निष्पक्ष व्हावी म्हणून बांदोडकर सरकार कौलाआधी पायउतार झालं. पुन्हा वाचा. निवडणूक निष्पक्ष व्हावी म्हणून सरकार पायउतार झालं. छपाईची चूक नाही.

आत्याचं घर फुलाचं. सासऱ्यांनी अंगणातल्या भिंतीवर गेरूने एवढं मोठं फूल काढून घेतलं होतं की पाहुणे त्याला कमळ म्हणायचे, आणि तेव्हा त्याचा काही वेगळा अर्थ होत नसे. नवरा मात्र मडगावहून निघणारं 'राष्ट्रमत' गोठ्यात बसून वाचायचा. त्यात उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर येई. विलीन होऊ नका, असं ते गोव्याला रोज बजावायचे, आणि बजावायचे मराठीतून. म्हणजे मराठी राज्यात जाऊ नका हे गोव्यातल्या माणसाला पटावं, तर ते मराठीतच सांगावं लागत होतं. एका सदराने एवढं राजकारण हलवल्याचं वाचून सदरलेखक म्हणून माझी छाती फुगते. माझ्या सदराने आजवर सोसायटीची लिफ्टदेखील हललेली नाही.

"मग आजी, तुम्ही फुलाला दिलंत?" मुलाने विचारलं. आत्याने खाली वाकून, भिंतीला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं, "पानांना."

मी उडालोच. मालवणची मुलगी! विलीनीकरण झालं असतं तर माहेरी जायला राज्याची हद्दसुद्धा ओलांडावी लागली नसती. मी तसं म्हटलं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "अरे, माहेर माहेरच्या जागी बरं. माहेरच उठून सासरी राहायला आलं, तर रुसून जायचं कुठे?"

राज्यशास्त्राच्या विद्यापीठीय पुस्तकांत संघराज्य, स्वायत्तता, सांस्कृतिक निष्ठा यांवर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. ती मी वाचलेली नाहीत, आणि आता वाचायचं काही कारण उरलं नाही.

शिवाय दुसरा मुद्दा होता. महाराष्ट्रात दारूबंदी. प्यायची तर प्रकृतीच्या कारणासाठी परवाना काढावा लागे, त्यामुळे धडधाकट माणसं पटापट आजारी पडत. गोव्यात माड, काजू, माडावरून सूर काढणारे रेंदेर, फेणी. आत्याचे भाऊ, म्हणजे आमचे वडील आणि काका, तिला भेटायला फार वेळा यायचे. माया बहिणीवर होती की काजूवर, हे तिने कधी विचारलं नाही. "पण तिकडचा कायदा इकडे आला असता, तर भाऊबीजेलासुद्धा कुणी फिरकलं नसतं," ती म्हणाली.

निकाल लागला. पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. आणि ७,२७२ मतं बाद. मला या बाद मतदारांबद्दल फार आदर आहे. त्यांतल्या काहींनी तरी फुलावर आणि पानांवर दोन्हीकडे शिक्के मारले असणार. पूजेला बसलेल्या माणसाला फूल की पान विचारलं तर तो आणखी काय करणार?

गोष्ट इथे संपली असती तर पानवाल्यांना गोंयकारपणाचा विजय म्हणता आला असता आणि फूलवाल्यांना मराठीचा पराभव. पण मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. महाराष्ट्रात जायचं नाही असं ठणकावून दोन-अडीच महिने होत होते, आणि त्याच मतदारांनी ३०पैकी १६ जागा देऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा निवडला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री.

"तेव्हा कुणाला दिलंस?"

"भाऊंना," आत्या म्हणाली, जणू मी मूर्ख आहे. "गावात शाळा कुणी आणली? कुळांच्या बाजूने कोण उभं राहिलं? स्थळ नको म्हटलं म्हणून मध्यस्थाशी भांडायचं असतं का?"

हे फोंड्यातलंच काही खास डोकं, असं मी समजत होतो. मग स्कॉटलंड आठवलं. सप्टेंबर २०१४मध्ये तिथल्या लोकांना विचारलं, ब्रिटनमधून वेगळं व्हायचं का? ५५.३ टक्के म्हणाले, नको. गोव्यातही वैध मतांत पानांचा वाटा ५५ टक्क्यांच्या आसपासच होता. पुढच्या मे महिन्यात ब्रिटनच्या संसदेची निवडणूक आली आणि वेगळं व्हा म्हणणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला तिथल्या ५९पैकी ५६ जागा. आधीच्या खेपेला होत्या सहा. फेणी असो की व्हिस्की, डोकं तेच चालतं. घटस्फोट नको, पण वकील मात्र तोच पाहिजे. असा वकील घरात आहे म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली ठेवून बोलतो.

"तू खंयचो रे?" आत्याने एकदम मुलाला विचारलं.

"सांगली जिल्हा. जत तालुका."

आता माझे कान टवकारले. जतच्या पूर्व भागातल्या गावांनी कर्नाटकात जायची भाषा केली होती, २०१२ला आणि मग २०२२ला पुन्हा. तिथे घरात कन्नड बोलणारे पुष्कळ. वाहिन्यांवर दोन्ही राज्यांचे पुढारी अस्मितेवर घसा कोरडा करत होते. खरं तर कोरडी होती ती शेतं. "पाण्यासाठी होतं ते," मुलगा ओशाळून म्हणाला. "गेलात का मग?" आत्याने विचारलं. "नाही. विस्तारित म्हैसाळ योजनेची फाईल हलली."

"हां," आत्या म्हणाली. "बॅग भरून दारात ठेवली."

आपल्याकडे अशा बॅगा सगळ्याच सीमांवर भरून ठेवलेल्या असतात. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात तर १४ गावांनी बॅग भरण्याचाही त्रास घेतलेला नाही. ती महाराष्ट्राचीही आहेत आणि तेलंगणाचीही. मतदारयाद्या दोन, रेशनकार्डं दोन, सरपंचसुद्धा दोन. एका घराचे फोटो २०२२ला सगळीकडे झळकले. त्याचं स्वयंपाकघर तेलंगणात आणि निजायची खोली महाराष्ट्रात. वार्ताहर विचारत होते, तुम्ही नक्की कुठले? घरातले लोक हसत होते. रात्री तहान लागली की ज्याला परराज्यात जावं लागतं, त्याला हा प्रश्न विचारू नये.

आणि बेळगाव. तिथे दर १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात, दंडाला काळ्या फिती, घोषणा, डोळ्यांत खरं पाणी. ते पाणी नाटकी नाही, मी पाहिलंय. पण २०१८ आणि २०२३च्या विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीची एकही जागा आली नाही. मुंबईतले विद्वान म्हणाले, चळवळ संपली. पुढच्या १ नोव्हेंबरला माणसं पुन्हा रस्त्यावर. विद्वानांनी मग फुटीची, पैशाची, जातीची कारणं दिली. ती खरीही असतील. पण मुंबईत बसून बेळगावच्या मतदाराला 'निष्ठा दाखव' म्हणणाऱ्यांनी सीमाप्रश्नासाठी स्वतःचं एखादं मत कधी खर्ची घातलंय का, हे त्या मुलाच्या टॅबमध्ये विचारायची सोय नव्हती.

मुलगा घड्याळ पाहत होता. "आजी, पाचपैकी एक सांगा ना."

"घरी कोंकणी बोलते," आत्या बोटांवर मोजत म्हणाली. "पेपर मराठी वाचते. भजन मराठी. भांडण कोंकणी. मालिका हिंदी बघते, नातू पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लंडनला गेलाय, आणि क्रिकेट असलं की भारत. आता तूच बघ कशात बसतं ते."

"दोन्ही सारखंच टाकू?"

"दोन कुठे आहेत?"

त्याने पर्याय वर-खाली सरकवले. मग सगळ्यात तळाचा, सहावा, त्याने आम्हाला वाचून न दाखवलेला पर्याय निवडला. मी चष्मा लावून पाहिलं. १९६७ साली सासरा, नवरा, भिंतीवरचं फूल आणि गोठ्यातला पेपर यांच्यामधून वाट काढून जिने जानेवारीत एक आणि मार्चमध्ये दुसरं मत बिनचूक दिलं, तिच्या नावापुढे आलं होतं : 'निश्चित मत नाही'.

ओटीपी माझ्या मोबाइलवर आला.