ओळीला ओळ जुळवणाऱ्या महाशयांस



पतपेढीच्या खातेवहीचा जुना कोड सीमधून जावात नेण्याचं काम तुम्ही वेळेआधी उरकलंत, शाबासकी घेतलीत आणि पुढच्या प्रोजेक्टवर निघून गेलात. तो कोड आता माझ्या गळ्यात आहे. डावीकडे सीची फाईल, उजवीकडे जावाची; इतक्या इमानाने एकेक ओळ उतरवलीत की अर्थ तेवढा मागे राहिला.

सीमध्ये स्ट्रिंग म्हणजे मेमरीतली अक्षरांची रांग आणि शेवटी एक शून्य. फंक्शनला तिचा पत्ता दिला की ते तिथल्या तिथे काटछाट करतं. जावात स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही, आणि हे १९९६ च्या पहिल्या आवृत्तीपासून असंच आहे. कुठल्याही क्लासात पहिल्या आठवड्यात शिकवतात. तुम्ही त्या आठवड्यात कुठे होतात?

तुमचं मोकळ्या जागा छाटणारं फंक्शन बघा. सीमध्ये ते काहीच परत करत नव्हतं, कारण गरज नव्हती. जावातही तुम्ही ते व्हॉइडच ठेवलंत आणि आत लिहिलंत: एस = एस.ट्रिम(). ट्रिमने नवी स्ट्रिंग दिली, ती फंक्शनच्या स्वतःच्या एसमध्ये बसली आणि फंक्शनबरोबरच संपली. कॉल करणाऱ्याकडे खाते क्रमांक शेवटच्या स्पेससकट जसाच्या तसा. हॅशमॅपमध्ये शोधला की उत्तर येतं, असं खातंच नाही. कम्पायलर गप्प, लॉग स्वच्छ, आणि काउंटरवर पासबुक घेऊन म्हातारी माणसं ताटकळत उभी. त्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?

दिवसअखेरचा अहवाल तर तुम्ही लूपमध्ये अधिक-बरोबरने जोडलात. प्रत्येक फेरीत आधीचं सगळं नव्या स्ट्रिंगमध्ये पुन्हा कॉपी. ८० अक्षरांच्या एक लाख ओळी अशा जोडल्या तर सुमारे ४० हजार कोटी अक्षरं कॉपी होतात. अहवालात असतात ८० लाख. स्ट्रिंगबिल्डर २००४ मध्ये आला, त्याआधी स्ट्रिंगबफर होताच. वर तुमची कॉमेंट: ‘जावा स्लो आहे.’ जावाला नावं ठेवू नका. स्ट्रिंग बदलत नाही म्हणूनच ती अनेक थ्रेड्सना लॉकशिवाय वापरता येते, हॅशमॅपची की पायाखालून सरकत नाही, हॅश एकदाच काढून जपून ठेवता येतो.

हे सगळं एक वेळ निस्तरता येईल. पासवर्डचं मात्र माफ करण्याजोगं नाही. सी कोडच्या मूळ लेखकाने तपासणी झाल्याबरोबर मेमसेटने पासवर्डचा बफर शून्यांनी भरला होता. कोण होता माहीत नाही, पण त्याला खातेदारांची काळजी होती. तुम्ही त्या ओळीच्या जागी पासवर्डच्या व्हेरिएबलला रिकामी स्ट्रिंग दिलीत. जुनी स्ट्रिंग मेमरीत तशीच पडून. गार्बेज कलेक्टर येईल तेव्हा येईल. तोवर हीप डंप ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्ड वाचता येतो. जावाच्या स्विंगचं पासवर्ड फील्ड कॅरॅक्टर ॲरे देतं ते याचसाठी. ॲरे पुसता येतो.

तुम्ही असाच पोर्ट केलेला कोड आणखी कुठे कुठे चालू आहे, त्याची यादी पाठवा. या आठवड्यात पाठवा. पासवर्ड हाताळणाऱ्या फाईल्स यादीत सगळ्यात वर लिहा.