घरबसल्या अतिसंवेदनशील व्हा

आपण हळवे आहोत हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. अडचण एवढीच की घरच्यांच्या लेखी तुम्ही किरकिरे आहात. खचून जाऊ नका. पुढल्या सूचना नीट पाळल्यात तर रविवार संध्याकाळपर्यंत किरकिर तीच राहील, फक्त तिला शास्त्राचा आधार मिळेल.

१. चाचणी निवडा. एक आहे मायर्स-ब्रिग्जची, सोळा स्वभावप्रकारांवाली. मनोविकारतज्ज्ञ युंगच्या १९२१ सालच्या ग्रंथावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी ती बेतली. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं आणि इझाबेलबाईंनी आधी रहस्यकादंबरी लिहिली होती, असल्या तपशिलांनी बिचकू नका. ही चाचणी ऑफिसात शोभते. घरासाठी इलेन ॲरन यांची घ्या. या मात्र खरोखरच्या मानसशास्त्रज्ञ. त्यांचं पुस्तक १९९६ चं, आणि चाचणीत विधानं २७. चौदाहून जास्त ‘हो’ आले की तुम्ही बहुधा अतिसंवेदनशील. म्हणजे काठावर पास झालात तरी चालतं. असे लोक शंभरात पंधरा-वीस असतात, असा बाईंचा अंदाज आहे. तुमच्या सोसायटीत मात्र प्रत्येक मजल्यावर चार निघतील.

२. मुहूर्त साधा. पुरणपोळी खाऊन चाचणीला बसू नये, सगळी उत्तरं ‘नाही’ येतात. जेवणाला उशीर झालेला असावा, एखादी खडाजंगी नुकतीच उरकलेली असावी.

३. उत्तरं देताना हात आखडू नका. मोठ्या आवाजाचा त्रास होतो का? विसर्जनाच्या डीजेसमोर उभं राहून ‘नाही’ म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. हो. खरखरीत कापड टोचतं का? मामांनी दिलेला स्वेटर आठवा. हो. कॅफीन बाधतं का? दिवसाकाठी सहा कप चहा रिचवल्यावर होणारी ॲसिडिटी इथे खुशाल धरा. कडकडून भूक लागली की मूड जातो का? हे विधान खरोखरच त्यात आहे. देव पावला म्हणायचं.

मग येतं महत्त्वाचं विधान: इतरांच्या मनःस्थितीचा माझ्यावर परिणाम होतो. नेमकी याच सुमारास बायको ओट्यापाशी भांडी आपटत असेल. एका गॅसवर कुकर, दुसऱ्यावर पोळ्या, कान आणि खांद्यामध्ये धरलेला फोन, आणि फोनवर तुमच्याच आईच्या गुडघ्यांची चौकशी. या आदळआपटीने तुम्हाला आतून हलवलं ना? मग ‘हो’ वर टिचकी मारा. उठून काय झालं ते विचारायला मात्र जाऊ नका, लय तुटते.

४. निकाल एकांतात वाचा. ‘तुम्ही स्वतःशी फार कठोर वागता, तुमच्यातली बरीच क्षमता अजून वापरलीच गेलेली नाही’ अशा धाटणीचा मजकूर आला की डोळे आपोआप भरून येतात, येऊ द्यावेत. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली, प्रत्येकाला ‘तुझ्यासाठी खास’ म्हणून निकाल दिला आणि तो किती तंतोतंत जुळतो ते विचारलं. पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. निकाल सगळ्यांना एकच होता, आणि बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. हा परिच्छेद संवेदनशील वाचकांनी गाळला तरी चालेल.

५. आता वापर सुरू करा. सासऱ्यांना पहाटे स्टेशनवरून आणायचंय? गर्दीने तुमची मज्जासंस्था थकते. मुलाचं गणित? एकाच वेळी फार काही चाललेलं तुम्हाला सोसत नाही. कामवाल्या मावशींनी पाचशे रुपये वाढवून मागितले की कपाळाला हात लावून म्हणा, ‘असले ताणाचे विषय माझ्यासमोर नकोत,’ आणि आतल्या खोलीत जाऊन पडदे ओढून घ्या. मावशी बिचाऱ्या समजूतदार असतात. उरलेली भांडी आवाज न करता घासतात.

६. घरात दुसऱ्या कुणालाही ही चाचणी देऊ देऊ नका. बायकोने फोडणी तडतडेपर्यंत सहज म्हणून दिली आणि तिचे तेवीस ‘हो’ निघाले, तर आतल्या खोलीतल्या अंधारावर पहिला हक्क कुणाचा? अशी वेळ आलीच तर तत्काळ सोळा प्रकारांवाली चाचणी तिच्यापुढे धरा. त्या चाचणीची एक सोय फार चांगली आहे. काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांच्या स्वभावप्रकाराची अक्षरं बदलतात. तेव्हा ‘आयएसएफजे’ येईपर्यंत तिला पुन्हा पुन्हा द्यायला लावा. तो सगळ्यांचं निमूटपणे करणाऱ्यांचा प्रकार समजतात. आला की मनापासून अभिनंदन करा, निकाल सासरच्या ग्रुपवर टाका आणि चहा सांगा. अर्धाच कप, तुम्हाला कॅफीन बाधतं.