बंडोपंतांची हवा

चिपळुणात जन्मलेल्या माणसाला म्हातारपणी दमटपणा तयार करावा लागेल, असं माझ्या पत्रिकेत कुणी लिहिलं नव्हतं. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस मी उभा जन्म फुकट झेलला. चपलांना बुरशी, पापड मऊ, मिठाच्या बरणीत पाणी. आता जानेवारीत मिनियापोलिसला मुलाच्या घरी बसून मी एका बेडकासाठी पावसाळा चालवतो आहे.

मुलगा, सून आणि नात दहा दिवसांसाठी फ्लोरिडाला गेली आहेत. मलाही नेणार होते, पण मग बंडोपंतांकडे कोण बघणार? नातीने ठेवलेलं नाव वेगळं आहे. ते मला उच्चारता येतं, पण पटत नाही. बंडोपंत मूळचे ऑस्ट्रेलियाचे, जातीने व्हाइट्स ट्री फ्रॉग, रंगाने हिरवेगार. १७९० साली जॉन व्हाइट नावाच्या सर्जनने या जातीची नोंद केली, पण जपून ठेवायच्या द्रावात बुडवल्यामुळे नमुना निळा पडला होता. शास्त्रीय नावात तो निळेपणा आजही कायम आहे. एकदा कागदावर चढलेली चूक उतरत नाही, हे पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

जाताना नातीने फ्रिजवर कागद लावला. तापमान दिवसा ७५ ते ८५, रात्री थोडं कमी. हे फॅरनहाइटमध्ये. आमच्याकडे फॅरनहाइट फक्त तापासाठी वापरतात. ७८ म्हटलं की माझ्या हिशेबाने माणूस गेलेला असतो. खाली दुसरी ओळ: आर्द्रता ५० ते ७० टक्के. तिच्याखाली दोन रेघा ओढलेल्या.

या दोन ओळी एकमेकींच्या सख्ख्या जावा आहेत. एकीचं ऐकलं की दुसरी रुसते. बंडोपंतांच्या काचेच्या पेटीवरचा दिवा लावला की तापमान चढतं आणि आर्द्रता उतरते. पाणी कुठे गेलेलं नसतं. हवा तापली की तिची पाणी धरायची ऐपत वाढते, एवढंच. तांब्याभर पाणी तेच, पण घंगाळात ओतलं की तळाशी दिसतं. म्हणून मी फवारा मारतो. आर्द्रता ८५, तापमान ७१. बंडोपंत डोळे मिटतात. झाकणाची जाळी अर्धी झाकली तर ओल टिकते, पण काचेवर थेंब जमतात आणि शेवाळात बुरशी धरते. ती उघडली तर घरातली हवा आत शिरते, आणि घरातली हवा म्हणजे बाहेरची उणे २० सेल्सिअसची हवा भट्टीवर भाजून घेतलेली. तिच्यात पाणी जवळपास नसतंच. धरणाचे दरवाजे मी याहून कमी वेळा वरखाली केले आहेत.

फवाऱ्याचं पाणीही नळाचं थेट चालत नाही. बेडूक तोंडाने पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून पाणी ओढून घेतो. त्यामुळे पाण्यातलं क्लोरीन काढायला आधी औषधाचे थेंब टाकावे लागतात. माझं आयुष्य विहिरीतल्या टीसीएल पावडरीवर गेलं. मला कुणी थेंब टाकून दिले नाहीत.

आपोआप फवारणारं एक यंत्रही आहे. ते रात्री दोनला सुरू होतं. बंडोपंतांना वाटतं पाऊस आला, आणि ते ओरडायला लागतात. नर आहेत, मादी जवळ नाही, हे त्यांना कळवायची सोय नाही.

पण खरा ताप मीटरचा. पेटीत काट्याचा एक मीटर होता, तो ४० दाखवायचा. शेजारचा आकडेवाला ६२. एकाचं मानलं तर बेडूक सुकतोय, दुसऱ्याचं मानलं तर मजेत आहे. मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, मिठाची टेस्ट करा." बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओलं होईल एवढंच पाणी टाकायचं, मीटरसकट बंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. म्हणजे पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटायचं याचा उलगडा मला ७१व्या वर्षी, बेडकामुळे झाला. सकाळी काट्याचा ५३वर होता. आकडेवाला बरोब्बर ७५. काट्याच्या मीटरला मी निवृत्त केलं.

मुलाचा रोज फोन येतो. "ह्युमिडिटी किती?" मी सांगतो ६४. "गुड." फोन संपतो. माझे ओठ फुटलेत, टाचांना भेगा पडल्यात, सकाळी नाकातून रक्त येतं. पण कागदावर माझी ओळ नाही.

काल आकडेवाला मीटर पेटीतून काढून माझ्या उशाशी ठेवला. तासाभराने बघितला: १७. मुलाला कळवलं.

"१७ कसं असेल? मीटर बिघडला असणार, बाबा. परत एकदा मिठात घालून बघा."

मीटर आता पिशवीत आहे. मी पिशवीबाहेर.